तोलायचे की मोजायचे?

आंबे डझनावर घ्यायचे आणि कांदे किलोवर, हे बाजारात जाणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. काय मोजायचे आणि काय तोलायचे याचे प्रत्येक व्यवहारात ठरलेले शास्त्र आहे. मतांच्या बाबतीत मात्र आपली अशी ठाम समजूत असते, की मत ही फक्त मोजायची वस्तू आहे. हात वर करा, हात मोजा, ज्या बाजूला जास्त ती बाजू जिंकली. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आपण हेच पाहत आलो. पण राष्ट्रपतींच्या निवडणुकीपासून शेजारच्या इमारतीच्या वार्षिक सभेपर्यंत कितीतरी ठिकाणी मते मोजत नाहीत, तोलतात. एकाचे मत छटाकभर, दुसऱ्याचे मणभर. हा तराजू कोणी टांगला, त्यात वजने कोणी घातली आणि ती खरी आहेत का, हे विचारण्याची सवय आपल्याला फारशी नाही. ती असायला हवी, कारण त्यात आपलेही काही अडकलेले असते.

पुण्यात किंवा नाशकात एकाच गल्लीत शेजारी शेजारी दोन इमारती असतात. एकीच्या पाटीवर ‘सहकारी गृहरचना संस्था मर्यादित’ असे लिहिलेले असते, दुसरीच्या पाटीवर नुसते ‘अपार्टमेंट’. उंची तीच, लिफ्टची कुरकुर तीच, पाण्याच्या टँकरवरून होणारे भांडणही तेच. पण पहिली इमारत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते. त्याच्या कलम २७प्रमाणे सभासदाला एकच मत. त्याचे घर एका खोलीचे असो की चार. दुसरी इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली येते. तिथे बहुमत म्हणजे डोक्यांचे बहुमत नव्हे. ‘डीड ऑफ डिक्लरेशन’मध्ये प्रत्येक सदनिकेचा जो टक्का लिहिलेला असतो, त्या टक्क्यांनुसार ५१ टक्के किंवा अधिक मते म्हणजे बहुमत.

समजा, तळमजल्यावरच्या शोरूमचा हिस्सा ३८ टक्के आहे, वरच्या दोन प्रशस्त सदनिकांचा मिळून १४ टक्के, आणि उरलेल्या सोळा लहान सदनिकांचा प्रत्येकी ३ टक्के. सभेत सोळा घरे एका बाजूला आणि तीन मालक दुसऱ्या बाजूला बसले तर काय होईल? सोळा जणांचे वजन ४८, तिघांचे ५२. ठराव तिघांचा मंजूर! घर घेताना कार्पेट एरिया फुटाफुटाने तपासणारा माणूस हा टक्का मात्र वाचत नाही. तो वाचतो पहिल्या मोठ्या भांडणानंतर.

ज्याचा पैसा, त्याचे वजन

हा तोलण्याचा प्रकार मुळात आला कंपन्यांच्या दुनियेतून. माझे उमेदवारीचे आणि पुढचेही आयुष्य बँकेत गेले. त्या काळात वार्षिक सर्वसाधारण सभांचे रागरंग पुष्कळ पाहायला मिळाले. आधी मतदान हात वर करून. एक शेअर असलेला हौशी भागधारक आणि लाखो शेअर असलेला प्रवर्तक, दोघांचे हात सारखेच. मग कोणीतरी ‘पोल’ मागायचा. पोल म्हटले की हात मोजणे थांबते आणि भाग तोलणे सुरू होते. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ४७प्रमाणे पोलच्या वेळी भागधारकाचे मत त्याच्या भरणा झालेल्या भांडवलाच्या प्रमाणात असते. आता नोंदणीकृत कंपन्यांत ई-व्होटिंग आल्यामुळे तिथले हात वर करणेही संपले. सभागृहात टाळ्या कोणालाही पडोत, निकाल संगणकात आधीच तोललेला असतो.

यामागचा विचार सरळ आहे. ज्याने जास्त पैसा घातला त्याचे बुडणारही जास्त, म्हणून त्याचे ऐकायचेही जास्त. २००० सालच्या दुरुस्तीनंतर तर कमी मताधिकाराचे आणि जास्त लाभांशाचे भागही काढता येऊ लागले. टाटा मोटर्सने २००८मध्ये असे भाग काढले. त्यांना साध्या भागाच्या एक-दशांश मत आणि पाच टक्के जादा लाभांश होता. २०२४मध्ये कंपनीने ते रद्द करून त्यांचे साध्या भागांत रूपांतर केले.

पण गंमत अशी, की ज्या धंद्यात पैसाच माल आहे त्या बँकिंगमध्ये कायद्याने या तराजूला लगाम घातला. राष्ट्रीयीकृत बँकांचे भाग १९९४नंतर जनतेला विकले गेले, तेव्हा सरकारखेरीज कोणाही भागधारकाला एकूण मतांच्या एक टक्क्याहून अधिक मताधिकार वापरता येणार नाही असे ठरले. ही मर्यादा २०१२च्या दुरुस्तीने दहा टक्के झाली. खासगी बँकांत ती त्याच कायद्याने दहावरून सव्वीस टक्क्यांपर्यंत नेण्याची वाट मोकळी झाली. भाग चाळीस टक्के असले, तरी मत सव्वीसच्या वर जायचे नाही. असे का? कारण बँकेत भागधारकाचा पैसा थोडा आणि ठेवीदाराचा फार. ठेवीदाराला सभेत मत नसते. ज्याचा पैसा सर्वांत जास्त, तो तराजूत नाहीच! म्हणून तराजूत बसलेल्यांना तरी आवरायचे, एवढाच उपाय उरतो.

हीच गोष्ट नादारीच्या २०१६च्या कायद्यात आणखी उघडी दिसते. बुडालेल्या कंपनीचे पुढे काय करायचे हे ‘कमिटी ऑफ क्रेडिटर्स’ ठरवते. तिच्यात प्रत्येक वित्तीय धनकोचे मत त्याच्या येण्याच्या प्रमाणात असते. मोठ्या निर्णयांना आधी ७५ टक्के मते लागत, २०१८पासून ६६ टक्के पुरतात. एकट्या बँकेचे येणे ७० टक्के असेल तर तिचा एक माणूस कंपनीचे भवितव्य ठरवू शकतो. कंपनीला सुटे भाग पुरवणारा लघुउद्योजक मात्र ‘ऑपरेशनल क्रेडिटर’. अशा धनकोंचे एकत्रित येणे दहा टक्के असेल तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येते, पण मत देता येत नाही.

बँकेच्या बाजूने मी हे टेबल पाहिले आहे, म्हणून सांगतो. बँकेचे दोनशे कोटी बुडाले, तर ताळेबंदात त्याची तरतूद होते आणि अधिकारी संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. पुरवठादाराचे बारा लाख बुडाले, तर त्याच्या घराचे कागद कुठल्यातरी कपाटात जाऊन पडतात. रक्कम तोलता येते, झळ तोलता येत नाही. भारित मतदानाच्या कुठल्याही पद्धतीत ही खोट मुळातच आहे.

सहकाराची चळवळ हीच खोट ओळखून उभी राहिली. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या विणकरांनी १८४४मध्ये आपले भांडार काढले आणि भांडवल कितीही असो, माणशी एकच मत, ही परंपरा पुढे जगभर गेली. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पायाही हाच. एकराचा शेतकरी आणि वीस एकरांचा बागायतदार, दोघांना एकेकच मत. त्यामुळे पुढे सगळीकडे सत्ता समान वाटली गेली, असे महाराष्ट्रात राहणारा कोणी म्हणणार नाही. मोजण्यालाही आपल्या खोटी आहेत. पण निवडणुकीच्या वर्षी बागायतदाराला एकरवाल्याच्या ओसरीवर जाऊन चहा प्यावा लागतो, हे त्या एका मतामुळेच.

१९७१ची वजने

आता सरकारच्या तराजूकडे वळू. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून काढतात. लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि पुन्हा हजाराने भागायचे. २०२२च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत २०८चे, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५चे, गोव्याच्या आमदाराचे २०चे आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७चे होते. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून ती निवडून आलेल्या खासदारांत वाटली, तेव्हा खासदाराचे मत ७००चे झाले. म्हणजे सगळे आमदार मिळून एक पारडे आणि सगळे खासदार मिळून दुसरे, आणि दोन्ही सारखी. घटनेच्या ५५व्या अनुच्छेदाची ही योजना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. राष्ट्रपती केवळ दिल्लीचा होऊ नये आणि केवळ राज्यांचाही होऊ नये, असा तिचा हेतू.

पण ही वजने कोणत्या सालची? १९७१ची. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये म्हणून १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने १९७१चे आकडे गोठवले. २००१च्या ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. याचा अर्थ काय ते पाहा. केरळची लोकसंख्या १९७१मध्ये सुमारे २ कोटी १३ लाख होती, राजस्थानची २ कोटी ५८ लाख. त्यावरून केरळच्या १४० आमदारांचे एकत्रित वजन २१,२८० आणि राजस्थानच्या २०० आमदारांचे २५,८००. फरक फार नाही. २०११च्या जनगणनेत केरळ ३ कोटी ३४ लाखांवर होता आणि राजस्थान ६ कोटी ८५ लाखांवर, म्हणजे दुपटीहून अधिक. वजने मात्र तीच.

यात अन्याय कोणावर? राजस्थानातला तरुण म्हणेल, माझ्यावर. मी जन्मलो, वाढलो, पण तराजूत मी नाही. केरळातली शिक्षिका म्हणेल, उद्या वजने बदलली तर माझ्यावर. देशाने सांगितले तसे आम्ही लहान कुटुंब ठेवले, त्याचे हे बक्षीस काय? दोघांचेही खरे आहे. तराजूचे हे असेच असते. वजन ठरवताना आपण कोणता गुण मोलाचा मानला, ते त्यातून आपोआप बाहेर पडते.

जड मत, दुबळे मत

कादंबरी लिहिताना एक गोष्ट ध्यानात येते. शंभर पाने व्यापणारे पात्र कथानक वळवतेच असे नाही. दोन ओळींपुरता आलेला पोस्टमन ते वळवून जातो. मतांचेही तसेच आहे. मताचे वजन वेगळे आणि मताचे बळ वेगळे.

याचे नामी उदाहरण युरोपात घडले. १९५८मध्ये सहा देशांचा युरोपीय आर्थिक समुदाय सुरू झाला. मंत्रिपरिषदेत पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि इटलीला प्रत्येकी ४ मते, बेल्जियम आणि नेदरलँड्सला २, चिमुकल्या लक्झेंबर्गला १. एकूण १७. आयोगाने मांडलेला प्रस्ताव मंजूर व्हायला १२ मते लागत. जर्मनीच्या पाव हिस्सा मत लक्झेंबर्गला, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने केवढी मेहेरनजर! पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. बाकीच्या पाचही देशांची मते सम आहेत. त्यांची बेरीज १० होईल, १२ होईल, पण ११ कधीच होणार नाही. म्हणजे लक्झेंबर्गच्या एका मतावाचून काही अडले, असा प्रसंग या मतदानात येणेच शक्य नव्हते. मत होते, वजनही होते, पण त्याने पारडे कधीच हलणार नव्हते. आपण ‘पासंगालाही पुरत नाही’ म्हणतो, ते हेच.

न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ परगण्यात याहून मोठा मासला सापडला. तिथल्या पर्यवेक्षक मंडळात १९६४मध्ये सहा जणांची मते ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी होती. एकूण ११५, बहुमत ५८चे. जॉन बॅन्झाफ या तरुण कायदेतज्ज्ञाने १९६५मध्ये हा हिशेब मांडला. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की ५८च्या पुढे जातात. आणि तिघांपैकी एकानेच उरलेल्या तिघांना घेतले तर? ३१ आणि २१ आणि २ आणि २ मिळून ५६. दोन कमी! म्हणजे २१ मते असलेल्या नॉर्थ हेम्पस्टेडच्या प्रतिनिधीचे बळ शून्य; २ मतांवाल्याइतकेच. ती पद्धत पुढे वजने बदलत चालू राहिली आणि अखेर १९९३मध्ये फेडरल न्यायालयाने ती मोडीत काढली. १९९६पासून तिथे १९ सदस्यांचे, माणशी एक मत असलेले विधिमंडळ आले.

अपार्टमेंटच्या सभेला जाणाऱ्याने हे गणित एकदा स्वतःपुरते करून पाहावे. आपला टक्का किती, हा अर्धा प्रश्न. आपल्यावाचून कोणाचे कधी अडते का, हा पूर्ण प्रश्न.

वजने बदलण्याची किल्ली

तिसरी गोष्ट वजने बदलण्याची. १९४४च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आराखडा ठरला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. देश अजून परतंत्र, पण भारताचा कोटा ४० कोटी डॉलरचा ठरला. सोव्हिएत युनियन निधीत आलेच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत गेला. मताचा नियम असा : प्रत्येक देशाला मूलभूत २५० मते, आणि कोट्यातल्या दर एक लाख डॉलरला एक मत. भारताची ४,२५०, अमेरिकेची २७,७५०.

ती २५० मते लहान देशांसाठी होती. तोलण्याच्या शेजारी थोडे मोजणेही ठेवले होते. पण कोटे वाढत गेले आणि २५० ही २५०च राहिली. सुरुवातीला एकूण मतांत ज्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या घरात होता, ती मूलभूत मते दोन टक्क्यांपर्यंत घसरली. २०११पासून हा वाटा ठराविक प्रमाणात बांधून दिला, तोही साडेपाच टक्क्यांवर. आणि कोटे बदलायचे तर ८५ टक्के मते लागतात. अमेरिकेची मते आहेत साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिच्या संमतीवाचून वजने हलत नाहीत. २०१०मध्ये ठरलेली सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या मान्यतेअभावी रेंगाळली आणि २०१६च्या जानेवारीत अमलात आली. तराजूची किल्ली सर्वांत जड पारड्याकडे असली, की असे होते.

दोन काटे

मग तोलणे सोडून सगळीकडे मोजावेच का? मला तसे वाटत नाही. नागरिक म्हणून माणसाचे मत तोलणे हा प्रकार जगाने करून पाहिला आणि टाकून दिला. प्रशियात १८४९पासून १९१८पर्यंत करदात्यांचे तीन वर्ग असत. प्रत्येक वर्ग एक-तृतीयांश कर भरणारा आणि प्रत्येकाला सारखेच प्रतिनिधी. पहिल्या वर्गात मूठभर, तिसऱ्यात बाकीचा समाज. जॉन स्टुअर्ट मिलसारख्या उदारमतवाद्यानेही १८६१मध्ये शिकलेल्यांना जादा मते द्यावीत असे सुचवले होते. आपल्याकडे २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या प्रत्येक मताचे मूल्य सारखे असल्याचे सांगितले आणि समाजात व अर्थकारणात तसे नसल्याचा इशाराही दिला. माणूस तोलायचा नसतो, हे तिथेच संपले.

पण संस्था, राज्ये, देश, भांडवल ही लहानमोठी असतात. तिथे निव्वळ मोजले तर लहानांची गर्दी मोठ्याला ओढून नेईल, आणि निव्वळ तोलले तर मोठा एकटा सगळ्यांना. यावर शहाण्या कायद्यांनी एक जुना उपाय काढलेला आहे : दोन काटे. कंपनीने धनकोंशी तडजोड करायची, तर मतदान करणाऱ्यांत संख्येने बहुमत हवे आणि रकमेने तीन-चतुर्थांशही हवे. युरोपीय संघाने २०१४पासून मतांची जुनी वजने टाकून देऊन ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या अशी दुहेरी अट घातली. नाणेनिधीच्या करारात दुरुस्ती करायला ८५ टक्के मते लागतात, त्याचबरोबर सदस्यांपैकी तीन-पंचमांश देशही लागतात.

आपल्या जीएसटी परिषदेतही असेच काहीसे आहे. २०१६च्या १०१व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या मताला एक-तृतीयांश वजन दिले, सगळ्या राज्यांना मिळून दोन-तृतीयांश. आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश. केंद्राला वगळून राज्यांचे भागत नाही, राज्यांना वगळून केंद्राचे भागत नाही. राज्याराज्यांत मात्र तोलणे नाही, मोजणे आहे. देशात सर्वाधिक जीएसटी गोळा करणारा महाराष्ट्र आणि सिक्कीम यांचे वजन सारखेच. पहिली तीन वर्षे सगळे सहमतीने चालले; प्रत्यक्ष मतदान पहिल्यांदा झाले ते २०१९च्या डिसेंबरमध्ये, लॉटरीवरच्या कराच्या दरासाठी.

आता उद्याचा प्रश्न. २०२५मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. १९७१ची वजने उतरवण्याचा वाद त्या आकड्यांभोवती होणार. अमेरिकेत सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात; एक सभागृह तोलते, दुसरे मोजते. आपली राज्यसभाही लोकसंख्येच्याच अंगाने जाते. उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९, गोव्याला १. म्हणजे लोकसभेत तोलले, राज्यसभेतही तोललेच. राज्यांना राज्ये म्हणून मोजणारा काटा मुख्यतः उरतो तो ३६८व्या अनुच्छेदात : काही महत्त्वाच्या घटनादुरुस्त्यांना किमान निम्म्या विधिमंडळांची संमती लागते. तिथे सिक्कीमही एक आणि उत्तर प्रदेशही एक. त्या काट्याला आपण फारसे हात लावलेले नाहीत, हे बरेच झाले. पण तो वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून असतो, हेही खरे.

वाण्याच्या वजनांवर वजनमापे खात्याचा माणूस ठराविक मुदतीने येऊन शिक्का मारतो. झिजलेले वजन चालू देत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची वजने बदलावीच लागतील, त्यात काही गैर नाही. फक्त ती बदलताना शेजारी मोजण्याचा काटाही टांगलेला असावा. मोठ्याला मोठे म्हणून मान देताना लहानाला एवढी तरी खात्री हवी, की कधीतरी, कुठल्यातरी ठरावावर, त्याच्यावाचून अडणार आहे. ज्याच्यावाचून कधीच अडत नाही, तो सभेला येणे सोडतो. आणि सभा सोडलेल्या माणसाला परत आणणे कुठल्याही तराजूच्या हातचे नसते.